टँकर आला की बँड बंद

अंकुश, तुझा फोटो बघून मला आधी हसू आलं, मग रडू. काकूला, तुझ्या आईला, घरात तुझा धड एक फोटो सापडेना. स्टेजवरच्या प्रत्येक फोटोत तू तोंड फाडून ओरडतोयस, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, डोळे गच्च मिटलेले. असल्या फोटोला हार घालायचा कसा? शेवटी कुणीतरी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. केस चापून बसवलेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, चेहरा असा की जणू सोसायटीच्या निवडणुकीला उभा आहेस. आपला बेसवाला रज्जाक त्या फोटोकडं बघतच राहिला. "ये कौन है बे?" म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याला हुंदका फुटला.

तुझा दहावा परवा झाला. तिथं जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही, कारण त्यात आपलं जुनं भांडण आहे आणि ते अर्धवट टाकून तू निघून गेलास. भांडण अर्धवट टाकायची तुझी सवयच नव्हती. कावीळ झाली नसती तर अजून दहा वर्षं तू ते ओढत नेलं असतंस, याची मला खात्री आहे.

वर्तमानपत्रांनी बरंच छापलंय. दुष्काळाचा आवाज, मराठवाड्याचा पंक गायक, 'बिनपाणी' या लोकप्रिय बँडचा संस्थापक. संस्थापक! आपल्याकडं संस्थापक म्हटला की तो शिक्षणसंस्थेचा नाहीतर पतसंस्थेचा असतो आणि त्याच्याकडं पांढरी गाडी असते. तुझ्याकडं सायकल होती आणि तीसुद्धा रज्जाकची.

तू असलं गाणं पुण्याला शिकलास असंही छापलंय. ते वाचून काकू म्हणाली, "पुन्याला कवा गेलता ह्यो?" तुझे वडील गेल्यावर काकू अर्धा कोयता झाली होती. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटी बाई अर्धा, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत घ्यायचं म्हणजे मुकादम शंभर नखरे करतो. म्हणून दहावी झाल्यावर दसरा आटोपून तूच तिच्याबरोबर ऊसतोडीला गेलास आणि तिचा कोयता पुरा केलास. तिकडं कोल्हापूरकडं एका कॉलेजच्या होस्टेलला लागून फड होता. होस्टेलची पोरं संध्याकाळी पाण्याच्या मोटारीच्या खोलीत गिटारी बडवायची. तू मोळी बांधता बांधता थांबायचास आणि काकू मागून शिव्या घालायची.

"नंदे, त्यान्ला काईच येत न्हवतं बघ," तू मला सांगितलं होतंस. "पर लाज वाटत न्हवती. जे म्हनायचं ते मोठ्यानं म्हनायचे."

त्यातल्या एकानं कॉलेज सोडताना आपली जुनी गिटार तुला देऊन टाकली आणि तीन कॉर्डना बोटं कुठं ठेवायची ते दाखवलं. एवढ्यात भागतं का, असं तू विचारलंस. तो म्हणाला, एवढ्यातच भागवायचं असतं. तू ते शब्द गुरुमंत्रासारखे धरलेस. चौथी कॉर्ड शिक म्हणून रज्जाकनं तुझ्या किती मिनतवाऱ्या केल्या, पण तू बधला नाहीस.

उन्हाळ्यात तू ती गिटार घेऊन गावात आलास आणि थेट माझ्या दारात उभा राहिलास. मी लेझीमची हलगीवाली. शाळेत पोरी लेझीम खेळायच्या आणि हलगी मी वाजवायचे, कारण गुरुजींना दुसरं कुणी मिळालं नव्हतं. तू म्हणालास, तीच हलगी दुप्पट पळव. मी विचारलं, हे आहे तरी काय?

"पंक म्हनतेत ह्याला."

"म्हणजे?"

"ज्याला गाता येत न्हाई त्यानं गायचं."

"मग आपलं अख्खं गाव पंक आहे की."

तू हसलास तेव्हा तुझा पुढचा अर्धा तुटका दात दिसला. त्या हसण्यावर मी बँडमध्ये आले, दुसरं काही कारण नव्हतं. दिंद्रुडच्या रस्त्यावर रज्जाकचं वेल्डिंगचं दुकान होतं. त्यानं पत्र्याचं पोट असलेला एक बेस गिटार स्वतः बनवला. तो वाजला की दुकानातल्या खिडक्यांच्या जाळ्या थरथरायच्या. आणि माझ्या वाट्याला आला काकूच्या अंगणातला निळा ड्रम.

हे मी शहरातल्या लोकांना किती वेळा समजावून सांगितलं असेल. त्यांना वाटायचं, निळा ड्रम ही आमची कल्पना आहे. अहो, कल्पना कसली! दुष्काळात आपल्याकडं दारोदार निळे ड्रम असतात, माणसांपेक्षा ड्रम जास्त. रिकामा ड्रम उपडा घातला आणि टिपऱ्यांनी बडवला की पोटातून आवाज येतो. भरलेला ड्रम मुका. म्हणून आपली तालीम पाणी नसेल तेव्हाच. टँकरचा हॉर्न वाजला रे वाजला की काकू ओट्यावरून ओरडायची, "नंदे, ऊठ! आन तो ड्रम हिकडं!" गाणं कुठंही असो, कडव्यात असो की ओळीत, तिथंच तुटायचं. टँकर आला की बँड बंद. हा काकूचा नियम होता आणि त्यावर अपील नव्हतं. एकदा तू विनवण्या केल्या होत्यास, फक्त हे एक कडवं होऊ दे म्हणून. काकू म्हणाली, "कडवं पी मग सांजंला."

पुढं शहरातल्या कुणीतरी लिहिलं होतं की बिनपाणीची गाणी अचानक थांबतात, हा त्यांचा विद्रोह आहे. तू ते कात्रण काकूला वाचून दाखवलंस. "विद्रोह म्हंजे तूच की गं आये," म्हणालास. तिला काही कळलं नाही, पण ती लाजली.

आपला पहिला कार्यक्रम चारा छावणीत झाला. जनावरांपाशी माणसं मुक्कामाला, करमणूक काही नाही, म्हणून रज्जाक कुणाच्या तरी लग्नातला भोंगा घेऊन आला. पहिल्याच गाण्याला एका खिलारी बैलानं दावं तोडलं. माणसं त्याच्यामागं पळाली आणि आपण वाजवतच राहिलो, कारण थांबायचं कुठं हे टँकरशिवाय आपल्याला माहीतच नव्हतं. दुसरं गाणं छावणी चालवणाऱ्यांवर होतं, वाळक्या वैरणीवर. ते संपल्यावर सरपंच गालावरून हात फिरवत म्हणाले, "पोरांनी आपली बिनपान्यानं केली की राव!" सगळी छावणी हसली. बँडचं बारसं तिथंच झालं.

त्याच छावणीत तू गावचं कडवं सुरू केलंस. कार्यक्रमाआधी तू माणसांतून हिंडायचास आणि एकच प्रश्न विचारायचास, "काय दुखतंय?" त्या दिवशी एका म्हाताऱ्यानं सरळ सांगितलं, गुडघा. मी हसले. तू हसला नाहीस. गुडघ्यावर कडवं केलंस, की पाण्याची खेप किती लांब आहे ते गुडघ्याला विचारा. म्हाताऱ्यानं फेटा काढून डोळे पुसले. तेव्हापासून प्रत्येक गावाचं कडवं वेगळं, तिथंच जुळवलेलं, परत कधी न म्हटलेलं. तलवाड्याचं तलवाड्यात राहिलं, कडा गावचं कड्यात. रेकॉर्डिंग केलं तेव्हाही तू त्या कडव्याची जागा मोकळी सोडायला लावलीस. तिथं फक्त माझा ड्रम वाजतो. मी म्हटलं, ऐकणाऱ्याला वाटेल गायक पाणी प्यायला गेला. तू म्हणालास, ज्याचं त्यानं म्हणावं.

मग मोबाइलवर आपलं नाव पसरलं. जत्रा झाल्या, कॉलेजं झाली, पुणं झालं. एका लग्नात सुपारी घेऊन गेलो आणि नवरदेवाच्या मामानं वरातीतूनच हाकलून दिलं, तेही झालं. पुण्याच्या मुलाखतीत बाईंनी विचारलं, तुमच्यावर कुणाचा प्रभाव आहे? तू गंभीर तोंड करून म्हणालास, टँकरच्या ड्रायव्हरचा. एकदा तिकडची काही पोरं तुला भेटायला गावात आली, फाटक्या विजारी घालून. काकूनं त्यांना पोटभर जेवू घातलं आणि मला आत बोलावून हळूच म्हणाली, "लई गरिबाची दिसतेत गं लेकरं. सुई-दोरा आन." त्यातल्या एकाची विजार तिनं खरोखर शिवून दिली. तो शिवलेली विजार घालूनच गेला, बिचारा.

माझं लग्न ठरत होतं तेव्हाचं आठवतं का? पाहुणे बसलेले, मी चहा घेऊन आलेले, आणि तू कोपऱ्यातून नवऱ्या मुलाला विचारलंस, "घरात ड्रम ठेवायला जागा हाय का?" माझ्या वडिलांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मुलगा म्हणाला, पाण्याचा ड्रम ना, दोन आहेत. तू म्हणालास, तिसरा लागंल. तो तिसरा ड्रम आजही आमच्या माजलगावच्या घरात आहे. लोक विचारतात, लग्नानंतर वाजवू कसं दिलं? मी सांगते, मैत्रिणीनं नाही, आईनं नाही, एका मित्रानं आधीच ठरवून घेतलं होतं. तुला हे कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू 'जा बे' म्हणून उडवून लावलं असतंस.

आता भांडणाकडं येते.

'काटा दाखव' हे गाणं आपलं सगळ्यात गाजलेलं. कारखान्याच्या काट्यावर ऊस कमीच भरतो हे आपल्या भागात शेंबडं पोरसुद्धा सांगतं, पण ते मोठ्यानं म्हणायचं कुणी? तू म्हटलंस. 'गाडीभर ऊस गेला, मूठभर कसा झाला? ऊस वाळला का काटा वाळला? चेअरमन, काटा दाखव!' शेवटी गावचं कडवं. वर्षभरात ते गाणं रिक्षांत वाजायला लागलं.

त्या वर्षी पाऊस नव्हता, ऊस जेमतेम होता, तरी हंगामाच्या सुरुवातीचं कारखान्याचं मोळीपूजन थाटात होतं, कारण चेअरमन साहेबांची साठी. कार्यकर्त्यांनी साखरतुला करायची ठरवली. एका पारड्यात साहेब, दुसऱ्यात साखरेची पोती. तो भलामोठा तराजू वेल्डिंग करायचं काम रज्जाकला मिळालं होतं. तू त्याला महिनाभर चिडवलंस, "बे रज्जाक, काटा बराबर कर रे, कारखान्यात येकतरी असू दे." तराजू मोडला तर आपली अब्रू जायची म्हणून रज्जाक बघायला गेला आणि त्याच्यामागं आपण दोघं. तोडणी कामगारांच्या टोळ्या एका बाजूला ओळीनं उभ्या केल्या होत्या, हातात कोयते, बायांच्या डोक्यावर पदर. त्या ओळीत काकू होती. त्या हंगामात ती आपल्याच कारखान्याच्या टोळीत होती.

साहेब पारड्यात बसले. मंडपवाल्यानं गाणं लावलं. बिचाऱ्याचा काही डाव नव्हता. काट्याचा कार्यक्रम आहे म्हणून काट्याचं गाणं, एवढाच त्याचा हिशेब. आपल्याकडं गाण्याचे शब्द ऐकतो कोण? आधी माणसं हसली. मग तुझा आवाज भोंग्यातून आला, गाडीभर ऊस गेला, आणि सगळ्या माना साहेबांकडं वळल्या. साहेब अधांतरी. समोरच्या पारड्यात पोती, त्यामुळं खाली उतरायची सोय नाही. रज्जाकनं माझा हात इतका दाबला की बांगडी वाढली.

मग ती मोकळी जागा आली. गावच्या कडव्याची. नुसता माझा ड्रम. मी तुला कोपरानं ढोसलं, म्हण ना! तू तोंड उघडलंस. मी बघितलं, तू तोंड उघडलंस, आणि मग तुझी नजर टोळ्यांच्या ओळीत गेली, काकूकडं, आणि तू तोंड मिटलंस. आणि त्या मोकळ्या जागेत चेअरमन साहेबांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. ड्रमच्या ठेक्यावर, हसत. त्यांच्यामागं अख्ख्या मंडपानं. शेवटी माइक हातात घेऊन ते म्हणाले, "पोरांनी आपल्या कारखान्याचं गानं केलंय. कौतुक हाय!"

त्यानंतर ते गाणं त्यांचंच झालं. पॅनेलच्या प्रचारात वाजलं. त्यांच्या ड्रायव्हरच्या मोबाइलची रिंगटोन झालं. आणि तू ते गायचं सोडलंस.

"ज्याच्यावर गानं केलं त्यानंच टाळ्या वाजिवल्या, तर ते गानं मेलं," तू म्हणालास.

"मेलं नाही, पोचलं," मी म्हटलं.

किती वर्षं आपण ही दोन वाक्यं एकमेकांच्या डोक्यात मारली! टेम्पोत, स्टेजमागं, माझ्या बाळंतपणात तू बाळंतविडा घेऊन आलास तेव्हासुद्धा. माझं म्हणणं, माणूस तुमचं गाणं चोरतो म्हणजे त्याला ते टोचलेलं असतं. तुझं म्हणणं, टोचलेला माणूस टाळ्या वाजवत नाही. कड्याला लोकांनी 'काटा, काटा' म्हणून आरोळ्या ठोकल्या, खुर्च्या मोडल्या. रज्जाक बेस गळ्यात अडकवून तुझ्या पाया पडायला आला, "अरे बजा डाल ना बे, लोगां कबसे चिल्लारे!" तू वाळक्या वैरणीचं गाणं म्हटलंस. लोकप्रिय बँड आणि त्याचं सगळ्यात लोकप्रिय गाणं तो वाजवत नाही. तुझ्या हट्टाचं मला कौतुक वाटायचं आणि संतापही यायचा, दोन्ही एकदम.

पण काकूकडं बघून तू गप्प झालास, त्याबद्दल मी कधी काही बोलले नाही. तूही नाही. खरं भांडण तिथं होतं, हे आपल्या दोघांनाही कळत होतं. तिचा हंगाम, तिची टोळी, मुकादमाचे डोळे. कोण लेक बोलला असता? मी तरी बोलले असते का? हे तुला सांगायचं होतं आणि मी आपली पोचलं-मेलं करत बसले.

बीडच्या दवाखान्यात तू हळदीसारखा पिवळा पडला होतास. मी म्हटलं, नवरदेव दिसतोयस. तू हसलास, तो अर्धा दात. मग म्हणालास, "नंदे, आपलं भांडन राह्यलं गं."

"बरा हो, मग भांडू."

"तू हारशील."

तेवढंच. मग नर्सनं मला बाहेर काढलं.

तर दहावा. कोरड्या ओढ्याच्या काठी, देवळापाशी, ताडपत्र्या अंथरून. यंदाही टँकर चालू आहेतच, तुला ठाऊक आहे. जेवणाच्या पाण्यासाठी टँकर आला होता तो चेअरमन साहेबांनी पाठवलेला, पुढं तसा फलकही लावलेला. पाणी भरलं होतं आपल्याच ड्रममध्ये. 'बिनपाणी' असं तू पांढऱ्या रंगानं लिहिलेला ड्रम, काठोकाठ पाण्यानं भरलेला. मला वाटलं, तू असतास तर यावरच एक कडवं केलं असतंस.

भाषणं झाली. दहाव्याला माइक असला की पुढारी येतात आणि पुढारी आले की मेलेला माणूस त्यांचा जिवलग होतो, हे आता रिवाजच आहे. साहेब उठले. आता पंचाहत्तरीला आलेत, काठी लागते. म्हणाले, "अंकुश माझा लाडका. त्यानं माझ्यावर गानं केलं, मी त्याला टाळी दिली. लोकशाही म्हंतेत ती हीच." मग म्हणाले, त्याच गाण्यानं त्याला निरोप देऊ. कार्यकर्त्यानं मोबाइल माइकला लावला.

तुझा आवाज आला, अंकुश. ओढ्यात सगळीकडं तुझा आवाज. त्या आधार कार्डाच्या फोटोपुढं उदबत्ती जळत होती आणि तू गाडीभर ऊस म्हणून ओरडत होतास.

काकू बायांतून उठली. "बंद कर ते."

कार्यकर्ता साहेबांकडं बघायला लागला.

"बंद कर म्हन्ते! मेल्यावर बी माझ्या लेकाला कावून राबवता?"

त्यानं मोबाइल खाली केला. काकू माझ्याकडं वळली. "नंदे, ऊठ. वाजव."

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "काकू, टँकर आलाय. ड्रम भरलाय."

तिनं ड्रमकडं बघितलं. ज्या बाईनं आपल्याला एक कडवं पुरं करू दिलं नाही, त्या बाईनं. मग ती म्हणाली, "बायांनो, घागरी आना गं."

बाया उठल्या. कळशी, घागर, स्वयंपाकाची पातेली, जे मिळेल ते आलं. एकीनं तांब्यानं काढायचं, दुसरीनं भरायचं. थेंब सांडला नाही. भाषणं तशीच राहिली आणि सगळी पुढारी मंडळी ते बघत बसली. ड्रम मोकळा झाला, रज्जाकनं तो उपडा घातला आणि स्वतः एक पातेलं पुढ्यात ओढलं. टिपऱ्या माझ्या पिशवीत होत्या. का आणल्या होत्या, मलाच ठाऊक नाही.

मी वाजवलं आणि मीच म्हटलं. मला गाता येत नाही, पण त्याची लाज बाळगायची नसते हे तूच शिकवलंस. गाडीभर ऊस गेला. ऊस वाळला का काटा वाळला. मग ती मोकळी जागा आली. मी ठेका धरून ठेवला आणि तू विचारायचास तसं विचारलं, काय दुखतंय?

साहेब समोरच मांडी घालून बसले होते, अनवाणी, सगळ्यांसारखे.

"इचारतीस तर सांगते," काकू म्हणाली. "मान दुखती. त्या दिशी तराजूपाशी लेकरू माझ्याकडं बघून गप बसलं. मला काय कळलं न्हाई व्हय? तवापसनं सांगायचं व्हतं. मोळ्या वाहून वाहून मान गेली माझी. मोळीत किती वजन असतं ते ह्या मानंला ठावं हाय. काट्याला कवा कळनार?"

मला कडवी जुळवता येत नाहीत. तिनं जे म्हटलं तेच मी ठेक्यात म्हटलं, 'मान दुखती चेअरमन, मान दुखती. मोळीचं वजन मानंला ठावं, काट्याला कवा कळनार?' एकदा मी, मग बाया, मग मागं उभ्या असलेल्या टोळीतली माणसं. मी ड्रम थांबवला, एकदम, आपण थांबतो तसा.

मी साहेबांकडं बघत होते. तूही तिकडंच बघितलं असतंस. त्यांचे हात वर आले, जुन्या सवयीनं, छातीपर्यंत. आणि तिथंच राहिले. दहाव्याला टाळ्या वाजवत नाहीत, अंकुश. हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मला क्षणभर त्या म्हाताऱ्याची दयासुद्धा आली, तू रागावू नकोस. पण टाळी वाजली नाही.

म्हणजे तुझं खरं ठरलं की माझं, ते मला अजून उमगत नाही. भांडायला तू पाहिजे होतास. आत्ता, ह्या क्षणी, दात दाखवत, "हारलीस का न्हाई?" म्हणत. मी ड्रमवर हात ठेवून तशीच बसून राहिले होते, डोळ्यांना धार लागलेली, आणि वाटत होतं की अजून एक गाणं म्हणावं, मग अजून एक, म्हणजे तुझा दहावा संपणार नाही.

तेवढ्यात काकूनं पदर खोचला. "झालं न्हवं? ऊठ नंदे, आन तो ड्रम हिकडं. मानसं जेवायची हायती."

मी टिपऱ्या खाली ठेवल्या आणि घागर उचलायला गेले.